डॅटसन गाडी आणि कोकण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅटसनच्या गो, गो प्लस आणि रेडी-गो या गाड्या आजही खेड-चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत रस्त्यावर आहेत. बऱ्याच घरांत ती पहिली चारचाकी होती. ब्रँड गेला, गाडी दारात राहिली. तिचं पुढे काय करायचं, आणि स्वस्तात मिळते म्हणून जुनी घ्यायची का, या दोन गोष्टींभोवतीच बहुतेक प्रश्न फिरतात.

डॅटसन बंद झाली म्हणजे गाडी बेवारशी झाली का?

नाही. डॅटसन ही वेगळी कंपनी नव्हती, निसानचाच एक ब्रँड होता. चेन्नईजवळच्या ओरगडम इथल्या रेनो-निसान कारखान्यात या गाड्या बनायच्या आणि निसानच्याच शोरूममध्ये विकल्या जायच्या. एप्रिल २०२२ मध्ये रेडी-गोचं उत्पादन थांबल्याचं निसानने सांगितलं. गो आणि गो प्लस त्याआधीच थांबल्या होत्या. सर्व्हिस, सुटे भाग आणि वॉरंटी चालू राहील, असं त्याच वेळी जाहीर झालं. त्यामुळे निसानच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये डॅटसन घेतली जाते. कोकणातल्या माणसाची अडचण अंतराची आहे. साध्या सर्व्हिससाठी घाट चढून जायचं म्हणजे पेट्रोल आणि अख्खा दिवस जातो. म्हणून नेहमीची कामं गावातल्या भरवशाच्या मेकॅनिककडे आणि एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरचं काम अधिकृत वर्कशॉपमध्ये, ही वाटणी सोयीची पडते.

हे नाव मुळात आलं कुठून?

जपानमधून. १९१४ साली तिथे ‘डॅट’ नावाची मोटार तयार झाली. डेन, आओयामा आणि ताकेउची या तीन भागीदारांच्या आडनावांची ती आद्याक्षरं. १९३० च्या दशकात डॅटसन हे नाव रुळलं, आणि पुढे ५१० आणि २४०-झेड या गाड्यांनी ते अमेरिकेत गाजवलं. १९८१ मध्ये निसानने हे नाव टप्प्याटप्प्याने बंद करून सगळीकडे निसान हेच नाव वापरायचं ठरवलं. मार्च २०१२ मध्ये तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांनी ते पुन्हा काढलं. भारत, इंडोनेशिया आणि रशियासारख्या देशांत पहिल्यांदा गाडी घेणारा माणूस हे त्यांचं लक्ष्य होतं.

भारतात कोणकोणत्या डॅटसन आल्या?

गो मार्च २०१४ मध्ये आली, किंमत ३.१२ लाखांपासून. इंजिन १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं, ६८ पीएस (ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखं). हेच इंजिन निसान मायक्रामध्ये होतं. जानेवारी २०१५ मध्ये गो प्लस आली. तिची लांबी चार मीटरच्या आतच ठेवून मागे तिसरी रांग बसवली होती. त्या रांगेत लहान मुलंच बसू शकतात. जून २०१६ मध्ये २.३८ लाखांपासून रेडी-गो आली : ७९९ सीसी, ५४ पीएस, जमिनीपासून उंची १८५ मिमी. जुलै २०१७ मध्ये तिला ६८ पीएसचं एक लिटरचं इंजिन मिळालं आणि जानेवारी २०१८ मध्ये क्लच पेडल नसलेली एएमटी. ऑक्टोबर २०१८ मध्ये गो आणि गो प्लसचं रूप बदललं, चाकं १४ इंची झाली आणि दोन एअरबॅग व एबीएस सगळ्या मॉडेलमध्ये आले. पुढच्या वर्षी त्यांना सीव्हीटी, म्हणजे टप्प्यांशिवाय चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मिळाला. मे २०२० मध्ये रेडी-गो बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) झाली. ती शेवटची.

जुनी गो घेणार असाल तर ऑक्टोबर २०१८ च्या आधीची की नंतरची, हे सगळ्यात आधी विचारा. नाव तेच असलं तरी सुरक्षिततेत दोन्हींत मोठा फरक आहे.

एवढी मोठी कंपनी पाठीशी असताना ब्रँड बुडाला कशामुळे?

एका कारणाने बुडाला नाही, पण मुळाशी एक चुकीचा हिशोब होता : कमी पैशांत गाडी घेणाऱ्याला कमी गोष्टी चालतील, हा.

सुरुवातीच्या गोमध्ये बसलं की काय काय वाचवलंय ते डोळ्यांनी दिसायचं. म्युझिक सिस्टीमच्या जागी मोबाइल अडकवायचा स्टँड. पुढच्या दोन सीट एकमेकींना जोडलेल्या. हँडब्रेक डॅशबोर्डखाली ओढायचा. समोरच्या काचेला एकच वायपर. इंजिन आणि गिअर उत्तम होते, जागा ऐसपैस होती, पण ते कळायला गाडी चालवावी लागते, आणि गिऱ्हाईक आधी दार उघडून आत बघतं. कोकणात तर गाडी एकट्यासाठी घेतली जात नाही. मुंबईतला भाऊ अर्धे पैसे घालतो, गावची आई-आत्या तिच्यात बसून देवळात जाणार असते, नारळ फुटतो तेव्हा अख्खी वाडी जमते. त्या माणसाला ‘सगळ्यात स्वस्त’ हे बिरूद नको असतं. थोडे पैसे वाढवून तो ऑल्टो घेतो, कारण तिचा मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर आहे आणि विकताना भाव येतो.

दुसरा घाव सुरक्षिततेचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या गोला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. बॉडीचा सांगाडा इतका कोलमडला की एअरबॅग बसवूनही उपयोग नाही, असं संस्थेचं म्हणणं होतं. गाडी बाजारातून काढा, असं पत्रच त्यांच्या अध्यक्षांनी घोन यांना लिहिलं. २०१९ मध्ये रेडी-गोला एक तारा मिळाला. त्या काळात इतर स्वस्त गाड्यांनाही शून्य मिळालं होतं, पण जुन्या ब्रँडला पुण्याईचा आधार असतो आणि नव्याला नसतो. डॅटसनवरचा हा डाग पुसला गेला नाही.

तिसरं कारण घरातलंच. सप्टेंबर २०१५ मध्ये रेनोची क्विड २.५७ लाखांना आली. रेडी-गो तिच्याच प्लॅटफॉर्मवर आणि तिच्याच इंजिनावर, पण नऊ महिन्यांनी. क्विड दिसायला छोट्या एसयूव्हीसारखी, वरच्या मॉडेलमध्ये टचस्क्रीन. त्याच कारखान्यातली बहीण पुढे गेली आणि रेडी-गो किमतीवरच भांडत राहिली.

त्यात शोरूमचं जाळं विरळ. मग २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये घोन यांना जपानमध्ये अटक झाली आणि निसानने खर्च कापायला घेतला. रशिया आणि इंडोनेशियातली डॅटसन २०२० मध्ये थांबली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतात मॅग्नाइट आली ती निसानच्याच नावाने, आणि तिला मागणी आली. स्वस्त गाडीवर आपलंच मोठं नाव लावून चालतं हे दिसल्यावर दुसरं नाव पोसण्याची गरज उरली नाही.

सुटे भाग मिळतात का? कोणत्या गाडीचे चालतात?

चालणारे भाग मिळतात, दिसणारे भाग अडतात. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा खर्च कुठे येणार याचा अंदाज येतो.

रेडी-गोचं इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांच्याभोवतीचं बरंच काही क्विडशी सामायिक आहे. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच प्लेट, ब्रेक पॅड हे रेनोच्या काउंटरवरही मिळतं. फक्त ‘क्विडचं द्या’ एवढं सांगून चालत नाही : ८०० की १०००, बीएस-४ की बीएस-६, साधी की एएमटी, हे सांगा आणि शक्यतो जुना भाग काढून सोबत न्या. मागवायचा असेल तर आरसीवरचा पूर्ण चासी नंबर द्या. गो आणि गो प्लससाठी मायक्राचे इंजिनाचे भाग याच पद्धतीने जुळवून पाहा. तिन्ही गाड्यांना टायमिंग चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. मात्र ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन ढिली होते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू येते.

बंपर, हेडलाइट, टेललाइट, दारं, बॉनेट, काचा, आरसे हे मात्र डॅटसनचेच लागतात. जुना बंपर फेकू नका. प्लॅस्टिक वेल्डिंग करून तो पुन्हा बसतो. हेडलाइटचे कान तुटले असतील तर तेही जोडता येतात. बॉडीचे भाग नवे नाहीच मिळाले तर मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात चौकशी करा. जुना हेडलाइट घेताना आत पाण्याचा धुरकट डाग नाही ना, ते उजेडात धरून बघा.

रेडी-गोच्या चाकाला तीनच नट असतात. पंक्चर काढल्यावर एक नट हाताने घट्ट करून विसरला गेला, तर चार नटांच्या गाडीपेक्षा इथे धोका जास्त. चाक बसवल्यावर तिन्ही नट पान्याने आवळा, ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, आणि दोन जादा नट डिकीत ठेवा.

खाऱ्या हवेने गंज धरतो. कुठे बघायचं आणि काय करायचं?

कोकणातल्या डॅटसनचं आयुष्य इंजिन ठरवत नाही, पत्रा ठरवतो. हलकी गाडी, पातळ पत्रा आणि वर्षातले चार महिने ओल, असा हा मामला आहे.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. चाकाच्या कमानीची आत वळलेली कड, जिथे चिखल अडकून बसतो. दाराची खालची शिवण. दारांखालचा पायरीसारखा पट्टा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा. सायलेन्सरचे जोड. बॅटरीखालचा ट्रे. गाडीखालून जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या. या नळ्यांवर खपली धरलेली दिसली तर बाकी सगळं सोडून आधी त्या बदला.

दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. जांभ्याची लाल माती बसून ती बुजली की पाणी दारात साचतं आणि दार आतून बाहेर कुजतं. रंगाला फोड आलेला दिसतो तोवर पत्रा निम्मा गेलेला असतो. मे महिन्यात एकदा आणि श्रावणात एकदा झाडूची काडी घालून ही भोकं मोकळी करा. तार घालू नका, तिने रंग खरवडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

गंज दिसलाच तर क्रम असा : सैल खपली वायर ब्रशने काढा, ८० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, रस्ट कन्व्हर्टर लावून डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या, त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि मग रंग. नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात फोड परत येतो. लांबीच्या खाली गंज जिवंतच असतो.

खालून मारायचं काळं कोटिंग नेहमी कोरड्या पत्र्यावर. एप्रिल-मे योग्य. जुलैत ओल्या गाडीला कोटिंग मारणं हे ओल आत कोंडून ठेवणं आहे. न मारलेलं बरं. दाराच्या आतल्या पोकळीसाठी कॅव्हिटी वॅक्स मिळतं, ते ट्रिम काढून फवारून घ्या, पण खालची भोकं बुजू देऊ नका.

गाडी धुवायला गोडं पाणी वापरा. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याने धुतलेली गाडी सुकल्यावर मीठ पत्र्यावरच राहतं. आणि किनाऱ्यावर गाडी घालू नका. गुहागरला किंवा लाडघरला वाळूत रुतलेली गाडी ट्रॅक्टरने निघते, पण भरतीचं पाणी ब्रेक ड्रममध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरलेलं असतं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने जाणं-येणं रोजचं असेल तर आठवड्यातून एकदा खालून पाणी मारा.

पावसात पायाखालचा गालिचा ओला होतो. पाणी येतं कुठून?

तीन शक्यता तपासा, याच क्रमाने. पहिली, एसीचा ड्रेन पाइप. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकत नसेल आणि डाव्या सीटपुढचा गालिचा भिजत असेल, तर पाइप तुंबलाय. खालून हलक्या हवेने किंवा मऊ नळीने साफ होतो. दुसरी, वायपरखालची जाळी. गाडी आंब्याखाली किंवा काजूखाली उभी राहत असेल तर पानं आणि मोहर तिथे कुजून लगदा होतो, पाण्याचा निचरा बंद होतो आणि ते ब्लोअरमधून आत येतं. तिसरी, दाराचं रबर. दारात कागदाची पट्टी धरून दार बंद करा. पट्टी सहज ओढली गेली तर तिथलं रबर दबून निकामी झालंय.

वायपर एकच असल्याने ब्लेडची हयगय करू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवीन ब्लेड, मग जुन्याची अवस्था काहीही असो.

घाटात गाडी दमते का?

८०० सीसीची रेडी-गो चार माणसं, सामान आणि एसी घेऊन आंबा घाट किंवा गगनबावडा चढते, पण दुसऱ्या गिअरवर आणि शांतपणे. तिसऱ्यात रेटून इंजिन गुदमरू देऊ नका आणि वळणावर हाफ क्लचवर गाडी धरू नका. क्लच तिथेच जळतो. एएमटी असेल तर घाटात मॅन्युअल मोड वापरा, नाहीतर ती नेमक्या वळणावर गिअर बदलते आणि ओढ तुटते. उतरताना चढलात त्याच गिअरवर, ब्रेक थांबून थांबून. जळका वास आला तर मोकळ्या जागी पंधरा मिनिटं थांबा, ड्रमवर पाणी ओतू नका.

चढण्याआधी कुलंटची पातळी इंजिन थंड असताना बघा. विहिरीचं पाणी ओतत राहिल्याने रेडिएटर आतून गंजतो.

गाडी गणपतीनंतर थेट शिमग्यालाच चालते. उभी कशी ठेवायची?

टाकी भरलेली, टायरची हवा तीन-चार पाउंड जास्त, बॅटरीची निगेटिव्ह वायर १० नंबरच्या पान्याने काढलेली. हँडब्रेक लावू नका, खाऱ्या ओलीने ब्रेकशू ड्रमला चिकटतात. पहिला गिअर आणि चाकांना लाकडी ठोकळे पुरेत. प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीला गुंडाळू नका, आत घाम धरतो. पडवी किंवा मांगर उत्तम, पण शेजारी पेंढा किंवा भाताची कणगी नको. उंदीर आधी तिथे येतात आणि मग वायरिंगमध्ये. परत चालू करण्याआधी बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा खोला. घरटं बहुधा तिथेच सापडतं.

चिपळूणकडची जुनी डॅटसन स्वस्तात मिळतेय. पुरात गेलेली कशी ओळखायची?

२२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात शहरातल्या असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही दुरुस्त होऊन विकल्या गेल्या. त्या आधीची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा तपकिरी डाग राहतो, तो धुऊनही पूर्ण जात नाही. सीटचे रूळ आणि सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा. डॅशबोर्डखालचं स्कॅनरचं सॉकेट हिरवट असेल तर गाडी सोडून द्या. विमा कंपनीकडून त्या वर्षीच्या क्लेमची माहिती मालकाला काढायला सांगा.

आणि स्वतःची गाडी पाण्यात गेलीच, तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर साध्या विम्यात तो खर्च सहसा मिळत नाही. बॅटरी तोडा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी ओढून न्या. मेकॅनिकने प्लग काढून इंजिन हाताने फिरवावं, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचं ऑइल बदलावं, मगच स्टार्ट.

सीएनजी किट बसवावं का?

८०० सीसीला नाही. सिलिंडर बसला की रेडी-गोची छोटी डिकी संपते आणि घाटात ओढ आणखी कमी होते. गोला चालतं, जर रोजचं धावणं बरंच असेल तर. किट मान्यताप्राप्त हवं, आरसीवर नोंद हवी, विमा कंपनीला कळवलेलं हवं आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी.

नावावर करताना कोणती कागदपत्रं?

फॉर्म २९ आणि ३०, आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे ओळखपत्र-पत्त्याचे पुरावे. कर्ज असेल तर बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५. रत्नागिरीची गाडी एमएच ०८, सिंधुदुर्गची ०७, पेणची ०६. दुसऱ्या आरटीओकडे न्यायची तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. गोव्याची गाडी स्वस्त दिसते, पण महाराष्ट्रात वापरायची तर इथला कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. तो हिशोब किमतीत धरूनच सौदा करा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का, तेही बघून घ्या.

विकावी की ठेवावी?

पत्रा धड असेल तर ठेवा. भाव आधीच पडलेला आहे, आणखी दोन वर्षं वापरल्याने फारसं नुकसान होत नाही. ऑइल आणि फिल्टर दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. लाल मातीच्या रस्त्यावर एअर फिल्टर त्याहून लवकर. खालची शिवण कुजलेली असेल आणि गाडी ऑक्टोबर २०१८ च्या आधीची, एअरबॅग नसलेली गो असेल, तर तिच्या डेंटिंग-पेंटिंगवर मोठा खर्च करू नका. महामार्गावर रोज मुलांना घेऊन जाण्यासाठी ती वापरूच नये. तेवढे पैसे दोन एअरबॅग आणि एबीएस असलेल्या दुसऱ्या जुन्या गाडीत घाला.